सदर विमान उडणार नाही

विमानांचा मला नाद नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हल्ली भिलाईत, आमच्या रुआबांध्यात, माझी ओळख ‘विमानवाले प्रफुलभाऊ’ अशी करून देतात, आणि समोरचा माणूस आदराने माझ्याकडे बघून रायपूरहून दिल्लीला जायला खिडकीची सीट कशी मिळवायची ते विचारतो. माझा नाद वेगळा आहे. मला उरलेल्या वस्तू टाकवत नाहीत. यात माझा दोष नाही, नोकरीचा आहे. उभी हयात स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेली. मशीन खोलून परत बसवल्यावर हातात एक नट उरला, तर आमच्याकडे ‘चला, एक नट वाचला’ असं कोणी म्हणत नाही. सगळ्यांचे चेहरे पडतात आणि मशीन पुन्हा खोलतात. उरलेल्या वस्तूची कुठे ना कुठे जागा असतेच, अशी माझी पक्की समजूत आहे. माझी बायको सुजाता हिचंही तेच मत आहे, फक्त तिच्या मते ती जागा भंगारवाल्याच्या हातगाडीवर असते.

आमचा मुलगा राजदीप हैदराबादला नोकरीला गेला, तेव्हा त्याने बनवलेली प्लास्टिकची सगळी विमानं सोबत नेली आणि मिठाईच्या एका मोठ्या डब्यात उरलेले तुकडे ठेवून गेला. मॉडेल किटवाल्या कंपन्या एकाच खोक्यातून दोन-तीन प्रकारची विमानं बनावीत म्हणून जास्तीचे भाग देतात. माणूस त्यातलं एकच विमान बनवतो. बाकीचे पंख, चाकं, शेपट्या डब्यात जातात. सुजाताने तो डबा भंगारवाल्याला दाखवलासुद्धा होता. मी ऐन वेळी पोहोचलो, डबा उघडला, आणि माझ्या मेंटेनन्सच्या काळजात धस्स झालं. एवढे सुटे भाग, आणि कोणालाच काही वाटत नव्हतं.

जुळवायला बसलो. एक पंख इंग्रजी विमानाचा निघाला, दुसरा जर्मन विमानाचा. लांबीला जवळपास सारखे, पण एकमेकांशेजारी लावले तर दोघेही रुसल्यासारखे दिसत. म्हणून एकावर एक ठेवले. अशी दोन मजली पंखांची विमानं शंभर वर्षांपूर्वी असत, हे मला माझी मुलगी खुशबू हिने सांगितलं. धड कुठल्यातरी इटालियनाचं, शेपूट जपानी, चाकं बहुतेक जीपची. विमान बघून खुशबू म्हणाली की, पप्पा, ऐसा प्लेन दुनिया में कभी था ही नहीं. मी हिरमुसलो. मग तिनेच धीर दिला. कधी नसलेली विमानं बनवणारे लोक जगभर आहेत म्हणे, फक्त ते विमानासोबत त्याचा इतिहासही बनवतात. म्हणजे अमुक साली तमुक घडलं असतं, तर हे विमान असतं. इतिहास बदला, की विमान खरं.

हे काम मला एकदम पटलं, कारण बदलावा असा इतिहास आमच्या घरात भरपूर होता. १९२१ साली इंग्रज सरकारने महार पलटण मोडली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी म्हटलं, समजा, मोडली नाही. समजा, उलट पलटणीला विमानं दिली. समजा, १९३१ साली ह्या रुआबांध्याच्या मैदानावर धावपट्टी होती, आणि निळ्या रंगाचं दोन पंखी विमान घेऊन आकाशात जाणारा पहिला माणूस होता सुभेदार लहानू. लहानू म्हणजे माझ्या मायचे वडील. विमानाचं नाव मी ‘भीमा’ ठेवलं, कारण मायचं नाव भीमाबाई. ती तेव्हा जन्मलेली नव्हती, पण इतिहास माझाच असल्यामुळे मी ती अडचण मनावर घेतली नाही.

आता शेजाऱ्यांशिवाय आपल्याकडे काही बांधून होत नाही. शेजारचे शालिकराम बिसेन ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झालेले. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट मुळात चुकीच्या डिझाइनची आहे. ते रोज संध्याकाळी येऊन खुर्ची ओढून बसत आणि माझ्या विमानाकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी निदान केलं.

‘‘प्रफुलभाऊ, दोन पंख कायले लावून राहिले? एक काढा. हवा पकडते.’’

हे विमान डायनिंग टेबलावरून हलणारही नाही, हवा पकडून करणार काय, असं मी त्यांना समजावलं. ते मान हलवत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन तेच बोलले. पुढे हे वाक्य मला आठवणार होतं, पण तेव्हा मी ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

पहिली आफत आली ती वरच्या पंखापायी. सकाळी ड्यूटीवर निघता निघता, फक्त एक टिपका लावून जाऊ, असा मोह झाला. झटपट चिकटणारी ट्यूब ती, तिने तिचं काम झटपट केलं. पंख विमानाला न चिकटता माझ्या डाव्या हाताच्या बोटाला चिकटला. सुजाताने पाणी, खोबरेल तेल आणि माझी अक्कल, तिन्ही काढून पाहिलं. ड्यूटीची वेळ झाली. हातावर रुमाल टाकून मी स्कूटरवर बसलो आणि गर्दीत गेटमधून आत गेलो. आत जाताना कोणी विचारत नाही. खरी गंमत बाहेर येताना असते. आमच्या प्लांटमधून गेट पासशिवाय सुईसुद्धा बाहेर जात नाही, आणि ते योग्यच आहे, मी स्वतः नव्या पोरांना हेच शिकवतो.

गार्डने रुमाल उचलला. मग त्याने दुसऱ्या गार्डला बोलावलं. माझ्यामागे सायकली, स्कूटर, अख्खी शिफ्ट तटली. मी खरं ते सांगितलं, की हा विमानाचा पंख आहे, घरचा आहे, चिकटला आहे. गार्ड भला माणूस होता. तो म्हणाला की आत आणल्याची नोंद नाही, म्हणजे कागदावर हा पंख प्लांटमध्येच तयार झाला. मी परत फिरून खात्यात गेलो आणि गेट पास बनवायला बसलो. बाबूने विचारलं, परत आणायचा माल आहे की न आणायचा? मी विचारात पडलो. बोट उद्या परत येणार होतं, पंख येणार नव्हता. शेवटी ‘विमानाचा पंख, वरचा, एक नग, बोटासहित’ असा पास बनला आणि साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. गेटवरच्या गार्डने मात्र तो मोठ्याने वाचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत कमावलेली अब्रू त्या एका वाचनात गेली. घरी आल्यावर खुशबूने नेलपॉलिश काढायच्या बाटलीतले चार थेंब टाकले आणि पंख अलगद सुटला.

विमान उभं राहिलं. रंग निळाच हवा होता, आणि निळा रंग उरलेला कुठे असेल, हे भिलाईत विचारावं लागत नाही. कॅम्प-१ वस्तीतल्या बुद्धविहाराच्या गेटला नुकताच रंग दिला होता. विहार समितीचे अध्यक्ष पंजाबराव यांच्याकडे मी वाटी घेऊन गेलो. पंजाबराव म्हणजे कडक माणूस. सभेत कोणी तारीख चुकीची सांगितली तर मध्येच थांबवतात, पुरावा मागतात. वाटीभर रंग कशाला हवा याचाही त्यांनी पुरावा मागितला आणि तो बघायला स्वतः घरी आले.

मी त्यांना सगळा इतिहास ऐकवला. ‘समजा’पासून सुरुवात केली होती, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण माणूस गोष्टीत रंगला की रंगतो. दर वाक्याला ‘समजा’ कोण म्हणत बसतं? मी धावपट्टीची लांबी सांगितली, सुभेदार लहानूंचा चामड्याचा टोप सांगितला, पहिल्या उड्डाणाच्या दिवशी बायकांनी विमानावर फुलं टाकली तेही सांगितलं. पंजाबराव ऐकता ऐकता उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पुरावा मागितला नाही. विमानाचा फोटो काढला, मायच्या पाया पडले आणि गेले. मला वाटलं, किती रसिक माणूस आहे.

रात्रीच्या जेवणाआधी तो फोटो समाजाच्या ग्रुपवर आला, आणि जेवण होईपर्यंत दुर्ग, राजनांदगाव, भंडारा करत नागपूरला पोहोचला. १९३१ साली आपल्या माणसाने भिलाईत विमान उडवलं होतं, आणि त्या वीराची लेक आजही रुआबांध्यात राहते. ‘समजा’ तेवढा कुठेच नव्हता. तो शब्द कोणी फॉरवर्ड करत नाही.

मी घाईघाईने फोन लावला. पंजाबरावांचा फोन लागेना, कारण त्यांना अभिनंदनाचे फोन येत होते. दुसऱ्या दिवशी गेलो, तर विहारात मीटिंग सुरू होती आणि ठराव होऊन गेला होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत यंदा विमानाची झांकी, म्हणजे चित्ररथ. खऱ्याएवढं नाही, पण ट्रकभर मोठं. बांधणार कोण, तर मी. आणि मंचावर निळी शाल देऊन सत्कार कोणाचा, तर सुभेदार लहानूंची कन्या, भीमाबाईंचा. मी उठून तोंड उघडलं, तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना आपण खोटे आहोत असं सांगायला जी हिंमत लागते, ती प्लांट देत नाही.

घरी मायला बायका भेटायला येऊ लागल्या. ऐंशी ओलांडलेली माझी माय पलंगावर बसून सगळ्यांकडे बघून हसायची, एवढंच. कोणी विचारलं, की आजी, वडील कसे होते, तर म्हणायची, ‘‘माया बाप होताच तसा.’’ हे ऐकलं की मी तिथून उठून जायचो. खरे लहानू आजोबा भिलाई-३ला रेल्वेत गँगमन होते. हे मायला माहीत नसणार कसं? पण वय झालेलं. हल्ली चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायची. मला भीती वाटली, की माझी गोष्ट ऐकून ऐकून तिला तीच खरी वाटायला लागली आहे. म्हणजे आता सांगितलं तर माय तुटणार, आणि नाही सांगितलं तर बाबासाहेबांच्या जयंतीला, अख्ख्या समाजासमोर, माझ्या मायच्या खांद्यावर खोटी शाल पडणार. आमच्या लोकांनी एकेका ओळीच्या पुराव्यासाठी पिढ्या घालवल्या, आणि मी त्यांना मिठाईच्या डब्यातला इतिहास दिला होता. मला जेवण जाईना. सुजाताला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘तवाच म्हटलं होतं, भंगारवाल्याले देऊन टाका.’’

दरम्यान झांकी बांधावी तर लागतच होती. तीही उरलेल्या सामानाचीच झाली. बांबू मांडववाल्याचे, पंखांना लग्नांचे जुने फ्लेक्स उलटे करून, चाकं सायकल रिक्षाची. पुढचा पंखा मात्र मिळेना. तेव्हा शालिकरामभाऊंनी स्वतःच्या कूलरचा पंखा काढून आणून दिला. एप्रिल महिन्यात, भिलाईत, कूलरचा पंखा. त्यांची बायको कौशल्यावहिनी आमच्याकडे बघेनाशी झाली. पंखा बसवून भाऊ चार पावलं मागे गेले, बघितलं आणि म्हणाले, की वरचा पंख काढा, हवा पकडते.

मग पोलिसांची परवानगी. अर्जात झांकीचा विषय लिहावा लागतो. मी सरळमार्गी माणूस, मी लिहिलं, ‘विमान’. ठाण्यात कागदपत्रं बघणाऱ्या मुंशीजींना सगळे भय्याजी म्हणत. भय्याजींनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

‘‘उड़ेगा क्या?’’

नाही म्हटलं, बांबूचं आहे. भय्याजी म्हणाले की ते ठीक आहे, पण कागदावर फक्त विमान लिहिलंय, आणि विमान म्हटलं की उडण्याची शक्यता आली. ड्रोनसाठी वेगळी परवानगी लागते, विमानासाठी तर ते देऊच शकत नाहीत. मी म्हटलं, मूर्ती लिहितो. तर मूर्तीसाठी उंचीचा दाखला. शेवटी त्यांनीच कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, ‘‘लिखकर दे दो कि नहीं उड़ेगा.’’ मी लिहिलं, की सदर विमान उडणार नाही, उडाल्यास सर्वस्वी जबाबदारी माझी राहील. खाली सही केली. आपण बनवलेलं विमान उडणार नाही, असं लेखी देताना बनवणाऱ्याच्या मनाला काय वाटतं, ते भय्याजींना कळणारं नव्हतं.

चौदा एप्रिलला मी खिशात चार ओळींचं भाषण घेऊन गेलो. ठरवलं होतं, शाल पडायच्या आधी माइक घ्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं. मग लोकांनी काय करायचं ते करावं. कॅम्प-१चं मैदान निळ्या झेंड्यांनी भरलं होतं. ट्रकवर ‘भीमा’ उभं होतं, आणि खोटं कशाला बोलू, फार देखणं दिसत होतं. त्याच्या बाजूला कापडी फलक, ‘१९३१ : आपल्या पलटणीचं विमान’. मंचावर खुर्चीत माय, आणि तिच्याशेजारी पंजाबराव शाल घेऊन उभे. मी पायऱ्या चढलो, माइककडे हात नेला, तर मायने माझ्याआधी तो धरला. ती कधी माइकवर बोललेली नाही. तो तिने ओठांना टेकवला.

‘‘जय भीम. माया बाप विमान उडवत नोता,’’ ती म्हणाली.

पंजाबरावांच्या हातातली शाल अर्ध्यावर थांबली.

‘‘थो रेल्वेत गँगमन होता. खांद्यावर हातोडा घेऊन रूळ पाह्यत चालाचा. डोक्यावरून विमान गेलं का हातोडा खाली ठेवाचा, अन् दिसेनासं होयपर्यंत पाह्यत राहाचा. मंग मुकादम त्याले शिव्या देयाचा.’’ तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. ‘‘त्याले कोनं विमान देल्लंच नाई. देल्लं असतं तं उडवलं असतं.’’

एवढं बोलून तिने माइक माझ्या हातात दिला. माझ्या खिशातल्या चार ओळींना आता काही काम उरलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की चूक माझी आहे, गोष्ट मी रचली. माइक तोंडापासून लांब धरला होता, त्यामुळे तेही किती जणांना ऐकू गेलं कोण जाणे.

पंजाबराव माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता पुरावा मागणार. त्यांनी शाल उघडली, मायच्या खांद्यांवर नीट पसरवली, आणि माइकवर म्हणाले, की लहानू गँगमन यांच्या कन्येचा हा सत्कार आहे. टाळ्या बायकांच्या बाजूने सुरू झाल्या आणि थांबेचनात. मग ते खाली उतरले, विहाराच्या गेटचा उरलासुरला निळा रंग आणि ब्रश मागवला, ट्रकवर चढले, आणि त्या फलकावर १९३१च्या आधी, सुंदर मोठ्या अक्षरात, स्वतःच्या हाताने ‘समजा’ लिहिलं. उतरल्यावर ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘‘पुढच्या बारीले आधी सांगत जा, बाबू.’’

मायला मी मंचामागे गाठलं. म्हटलं, माय, तुले सारं माहीत होतं, मंग बोलली कावून नाई? ती शालीचं टोक बघत होती.

‘‘तू खुश दिसून राहिला होता,’’ ती म्हणाली. ‘‘अन् बाया मले चहा आनून देत होत्या.’’

मिरवणूक निघाली. मायला ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसवलं. मी झांकीच्या बाजूने चालत होतो, बऱ्याच दिवसांनी पोट भरून जेवल्यासारखं हलकं वाटत होतं. मोकळ्या चौकात आलो आणि पश्चिमेकडून धुळीचं अंधड उठलं. एप्रिलमध्ये दुपारी आमच्याकडे येतं तसंच. शालिकरामभाऊंच्या कूलरचा पंखा गरगर फिरायला लागला. दोर करकरले. मी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनाही एकच वाक्य आठवलं. पुढच्या क्षणी दोन्ही पंखांनी भरपूर हवा पकडली, आणि ‘भीमा’ ट्रकवरून उठलं. पडलं नाही. उठलं. लोकांच्या डोक्यांवरून, झेंड्यांच्या वरून गेलं, जरा डावीकडे वळलंसुद्धा, आणि चौकापलीकडे बंदोबस्ताच्या रिकाम्या मांडवावर जाऊन बसलं. कोणाला खरचटलंही नाही. हजारो माणसं तोंड वर करून बघत होती.

मांडवाशेजारी भय्याजी उभे होते. त्यांच्या हातात माझा कागद होता. त्यांनी एकदा कागद बघितला, एकदा मांडवावरचं विमान बघितलं, एकदा मला.

‘‘रिपोर्ट तो लिखनी पड़ेगी,’’ ते म्हणाले. ‘‘हवा से गिर गया, ऐसा लिख दूँ?’’

माणूस माझी सुटका करत होता. गिर गया लिहिलं, की काम संपलं. जबाबदारी नाही, पुन्हा ठाण्याची पायरी नाही. मी मागे वळून बघितलं. केबिनच्या खिडकीतून माय डोकं बाहेर काढून बघत होती. चष्मा कपाळावर नव्हता, डोळ्यांवर होता.

मी म्हटलं, ‘‘नहीं भय्याजी. उड़ा लिखिए.’’

त्यांनी तसं लिहिलं आणि मी खाली सही केली.